ठिणगीची वेळ आणि बदगुमानी

वालिदसाहेबांची जुनी पद्मिनी मोटार आमच्या दारात अजून उभी आहे. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने 2023 च्या ऑक्टोबरअखेर निरोप घेतला. आमची गाडी मात्र अम्मींच्या दवाखान्याच्या फेऱ्या आजही इमानेइतबारे करते. ती चालवतो आमचा भाचा. पेट्रोलही तोच भरून आणतो.

ईदनंतर घरखर्चाचा हिशेब पाहताना लक्षात आले, की लिटरला 12 किलोमीटर चालणारी गाडी 10 वर आली आहे. भाच्याला विचारले, तर तो म्हणाला, "मामू, गाडी चढावर ओढत नाही. गरमही होते." आम्हाला ती सबब वाटली. तोंडाने काही बोललो नाही, पण पुढच्या वेळी पेट्रोलची पावती मागितली. यापूर्वी कधी मागितली नव्हती. पोराचा चेहरा उतरला.

असरच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग मिस्त्रींपुढे हा विषय निघाला. त्यांनी एवढेच विचारले, "पॉइंट कधी बदलले होते? टायमिंग पाहिले का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले आणि भाच्याला शेजारी उभे करून त्यांनी सगळे दाखवले. जुनी गाडी सांभाळणाऱ्या वाचकांसाठी ते इथे देत आहोत.

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या काही अंश आधीच ठिणगी पडावी लागते. तेव्हाच पिस्टन खाली वळताना त्याला पुरा जोर मिळतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला 100 ठिणग्या पडतात. त्या उशिरा पडल्या, तर गाडी ओढत नाही, इंजिन तापते, पेट्रोल जास्त जाते. फार लवकर पडल्या, तर चढावर इंजिन खडखडते आणि तसेच रेटले तर पिस्टन खराब होतो.

जुन्या गाडीत ही वेळ डिस्ट्रिब्युटर सांभाळतो. त्यातले पॉइंट उघडले, की ठिणगी पडते. पॉइंटची टाच फिरत्या कॅमवर घासून झिजते, फट कमी होते आणि पॉइंट उशिरा उघडू लागतात. कोणी हात न लावताही टायमिंग असे मागे पडत जाते.

तपासणीला गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून ठेवावी. आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून पॉइंट पाहावेत. जळलेले, खड्डे पडलेले असतील तर बदलावेत. कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फिलर गेजने फट मोजावी. अशा गाड्यांत ती साधारण 0.4 मिलिमीटरच्या आसपास असते, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतले मापच धरावे. फट बदलली की टायमिंगही बदलते, म्हणून हे काम आधी.

मग प्लग काढावेत, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. ते नेहमीच्या दिशेनेच फिरवून पुलीवरची खूण पुस्तिकेत सांगितलेल्या अंशाच्या खुणेसमोर आणावी. त्या वेळी रोटरचे तोंड एक नंबर सिलिंडरच्या वायरकडे हवे. उलट बाजूला असेल, तर इंजिनला आणखी एक पूर्ण फेरा द्यावा.

आता 12 व्होल्टचा छोटा दिवा घ्यावा. एक वायर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या बारीक वायरच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून चावी चालू करावी. पॉइंट मिटलेले असताना दिवा बंद राहतो, उघडताच लागतो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट थोडा सैल करून तो रोटर फिरतो त्या दिशेने, दिवा विझेपर्यंत वळवावा. मग उलट दिशेने अगदी हळू. दिवा लागला तिथेच थांबून बोल्ट आवळावा. इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवून खात्री करावी. दिवा त्याच खुणेवर लागला पाहिजे. काम झाले की चावी लगेच बंद करावी, नाहीतर कॉइल तापते.

टायमिंग लाइट असेल, तर इंजिन चालू ठेवूनही तपासता येते. मात्र ओढणी, सैल बाही, लहान मुले पंख्यापासून लांब ठेवावीत, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालवू नये. त्याचा धूर जीवघेणा असतो.

आमच्या गाडीचे पॉइंट पार झिजले होते आणि टायमिंग बरेच मागे पडले होते. नवे पॉइंट बसवून सगळे जुळवायला सकाळचा तासभर लागला. संध्याकाळी त्याच चढावर गाडी न कुरकुरता चढली. पुढच्या दोन आठवड्यांत 12 चा आकडाही परत आला.

बिघाड भाच्याने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला होता. ऐकण्याऐवजी आम्ही पावती मागितली. बदगुमानीपासून दूर राहण्याची सूरह हुजुरातमधली ताकीद आम्ही दर्समध्ये किती वेळा ऐकली असेल! पण घरात हिशेब चुकला, तेव्हा इंजिनचे झाकण उघडण्याआधी आम्ही पोराच्या नियतीवर शंका घेतली. पॉइंट बदलण्याची आठवण ठेवणे तर आमचेच काम होते.

त्या रात्री जेवणानंतर सर्वांसमोर आम्ही त्याची माफी मागितली. तो लाजला. म्हणाला, "जाऊ द्या मामू. पुढच्या वेळी पॉइंट मीच बदलतो." आता गाडीच्या कप्प्यात एक वही आहे. तिच्यात पॉइंट बदलल्याची तारीख त्याच्या अक्षरात लिहिलेली आहे. पावत्या आम्ही पुन्हा मागितल्या नाहीत.