बेचाळीस दिवसांची वाट

अंजनवेलसारख्या गावात घरी जाऊन बाळ-बाळंतीण पाहायची म्हणजे वाडीवाडीची चढण चढायची. दाभोळ खाडीच्या काठची ही वस्ती काही एका रांगेत बसवलेली नाही. मग मंडळी विचारतात, बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, तर घरभेटींवर पैसा कशाला? कारण दोन-तीन दिवसांत बाळंतीण घरी येते, आणि बाळाच्या जिवाला धोका असतो तो याच पहिल्या महिन्यात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 1999 साली निष्कर्ष छापून आले: नवजात मृत्यू तब्बल 62 टक्क्यांनी घटले, खर्च दर बाळामागे सव्वापाच डॉलरच्या आसपास! 2011 पासून सरकारी योजनेत गावोगावच्या आरोग्यसेविका, म्हणजे आशाताई, देशभर हेच करू लागल्या, बेचाळीस दिवसांत सहा भेटी. झोळीच्या काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर, घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजणं. साठ किंवा जास्त भरले तर बाळाला तडक दवाखान्यात न्यायचं. आशा काही नर्स नव्हे, हा आक्षेप खरा, पण गडचिरोलीच्या त्या बायकाही नर्स नव्हत्या. त्यांना शिकवणारं आणि पाठीशी उभं राहणारं कुणीतरी होतं. खरी कंजुषी मोबदल्यात आहे. या योजनेत सहा भेटींचे मिळून 250 रुपये ठरले, म्हणजे भेटीला जेमतेम बेचाळीस. कोकणातल्या चढणीला हा दर लावणं अन्याय आहे. इथे प्रवासखर्च वेगळा द्यायलाच हवा.