काळा प्लग फेकण्याआधी

कोरगावात आमच्या मांगरात कार्बोरेटरवाली मारुती ८०० उभी असते. जूनचा पाऊस लागला आणि ती मिसिंग करू लागली की भेटेल तो एकच उपाय सांगतो: प्लग काळे झाले असतील, नवे टाक. ज्यांचा मी मान राखतो असे जुने मेस्तही हेच सांगतात. तरी हा सल्ला चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. प्लगचा सेट स्वस्त, काम अर्ध्या तासाचं, आणि गाडी खरोखर सुधारते. पण ती का सुधारते? काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर काजळीचा थर बसला की करंट फटीतून उडी मारत नाही, थरावरून बॉडीत निघून जातो. नव्या प्लगचं सिरॅमिक स्वच्छ असतं, म्हणून मूळ दोष जागेवर असूनही काही दिवस ठिणगी पडते. तेवढ्या दिवसांत न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन टाकतं, खाली उतरून इंजिन ऑईल पातळ करतं आणि पिस्टन रिंगा झिजवतं. स्वस्त वाटणारा उपाय असा महाग पडतो.

दुसरा उपाय प्लग पॉलिश पेपरने घासण्याचा. पेपरची खर सिरॅमिकमध्ये अडकते. तारेचा ब्रश वापरला तर धातूचे ओरखडे उमटतात, म्हणजे करंट पळवणारी नवी वाट आपणच तयार करतो. तिसरा उपाय ‘गरम’ प्लग. त्यावर काजळी कमी धरते हे खरं, पण तोच प्लग घेऊन राष्ट्रीय महामार्ग ६६ वर भर उन्हात लांब पल्ला मारला तर तो अति तापून ठिणगीआधीच पेट्रोल पेटवू शकतो. शिवाय एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका लहान तितका प्लग गरम, आणि बॉशच्या प्लगवर नेमकं उलटं. दुकानदाराने ‘हाच चालतो’ म्हटलं की हा फरक बघायचं राहून जातं.

हल्ली सगळा दोष पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलवर टाकतात. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांची काळजी रास्तच आहे. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरमधलं मिश्रण त्याने पातळ होतं, आणि कोरडी काजळी धरते ती घट्ट मिश्रणाने. कारण आणि खूण जुळत नाहीत.

प्लग आधी वाचावा, हे माझं म्हणणं. तिन्ही प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडावेत, पुसू नयेत. फिकट तपकिरी असेल तर ठीक. तिन्ही सारखेच काळे, कोरडे, मखमली दिसले तर गुन्हेगार सर्वांना समाईक आहे: अडकलेला चोक, तुंबलेला एअर फिल्टर, बिघडलेला कार्बोरेटर. किंवा आपली सवय. काजळी आपोआप जळायला प्लगचं टोक सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावं लागतं. घर ते पेडण्याचा बाजार एवढ्याच फेऱ्या झाल्या तर ते तापतच नाही. एकच प्लग काळा आणि ऑईलने चकचकीत असेल तर त्या सिलिंडरच्या रिंगा किंवा व्हाल्व्हच्या सिली बघाव्यात. एकच प्लग पेट्रोलने ओला असेल तर तिथे ठिणगी पोचत नाही.

माझ्या गाडीत हेच होतं. दोन सेट बदलून झाले, तरी प्रत्येक वेळी दोन नंबरचाच ओला. तो एक नंबरवर लावून पाहिला, तरी मिसिंग दोन नंबरलाच. म्हणजे प्लग निर्दोष. मग काळोख पडल्यावर बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, प्लगच्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला. (हात लांब ठेवावा, तो झटका हलका नसतो.) टोपीवर निळी ठिणगी सरपटताना दिसली. टोपी काढली तर आत केसाएवढी काळी रेघ. हरमलकडून येणारी खारी हवा आणि आपल्याकडचा चार महिन्यांचा दमटपणा यात वायरी आणि टोपी प्लगच्या आधी तपासायला हव्यात. पुण्याच्या कोरड्या हवेतल्या गाडीला हा क्रम मी सांगणार नाही.

उरतो शेवटचा आक्षेप: एवढा खटाटोप कशाला, जुनी गाडी विकून टाक. त्याचंही उत्तर मापाने द्यावं. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजावं. एखाद्यात कमी भरलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. नाही चढला तर बहुधा व्हाल्व्ह नीट बसत नाहीत आणि हेड उतरवावं लागेल. एवढं मोठं काम निघालं तर गाडी विकण्याचा विचार करणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. माझ्या गाडीचे तिन्ही आकडे जवळपास सारखे आले. नवी टोपी बसवली, आणि दोन नंबरचा तोच जुना प्लग आज फिकट तपकिरी आहे.