आडव्या पिंपात डिझेल किती?



गेल्या पावसाळ्यात, आषाढातल्या एका सोमवारी मी लोहगडवाडीला भाताची खाचरे बघायला गेलो होतो. पाऊस चांगला लागला होता, खाचरे भरली होती. इंद्रायणीची रोपे लावणीला आली होती. हा इंद्रायणी आपल्याच वडगाव मावळच्या केंद्राचा, १९८७ साली आलेला. रोपे एकवीस ते पंचवीस दिवसांची असताना लावावीत, हे आता घराघरांत ठाऊक आहे. पण एका खाचरात पावर टिलर अर्ध्या चिखलणीत उभा होता आणि मालक बांधावर डोक्याला हात लावून बसले होते.

"काय झालं?" मी विचारले.

"डिझेल संपलं, साहेब. शनिवारी काठी घालून बघितलं तर पाव पिंप होतं. म्हणजे पन्नास लिटर. पण काल दुपारीच तोटी कोरडी पडली. काल रविवार. भाज्याकडून वर येणारा रस्ता गड बघायला आलेल्यांच्या गाड्यांनी भरलेला. खाली पंपावर जाणार कसं?"

टिलर या एकाच घरी. त्यांच्यामागे आणखी तीन घरे पाळीत होती आणि त्यांतल्या एकाची रोपे अठ्ठाविसाव्या दिवसाला टेकलेली. डिझेल कोणी चोरले, अशी कुजबुज वाडीत सुरू झाली होती. घरात पोराकडे संशयाने बघणे चालले होते. ही गोष्ट मला डिझेल संपण्याहून वाईट वाटली.

मी पिंप बघायला गेलो. पडवीत लाकडी घोडीवर नेहमीचे दोनशे लिटरचे पिंप आडवे ठेवलेले, पुढच्या बाजूला तोटी. मोजले तर आतला व्यास ५७ सेंटिमीटर आणि लांबी ८५ सेंटिमीटर. काठीवरची शनिवारची खूण १४ सेंटिमीटरवर होती. सत्तावन्नाचा पाव सव्वाचौदा. म्हणजे उंचीने पाव पिंप, हे खरे. पण डिझेल पाव पिंप नव्हते.

मी हिशेब मांडू लागलो, तोच मालकांची आई चुलीपुढून म्हणाली, "अहो, हंड्याच्या बुडाला चार बोटं पाणी आन् पोटाला चार बोटं पाणी सारखं असतं व्हय?"

मावशींनी एका वाक्यात सांगितले ते मी कागदावर पाऊण तास सांगितले असते! आडव्या पिंपाचे बूड निमुळते असते. खालच्या पाच सेंटिमीटरांत जेमतेम ९ लिटर मावते, तर मध्यावरच्या पाच सेंटिमीटरांत २४ लिटर. म्हणून उभ्या पिंपाचा हिशेब आडव्याला लावू नये.

आता हिशेब बघा. चौकोनी टाकी असेल तर लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि हजाराने भागा. आले लिटर. गोल टाकीला व्यास फुटांत मोजा. व्यासाला व्यासाने गुणा, मग उंचीने किंवा लांबीने गुणा, आणि शेवटी २२ ने गुणा. लिटर जवळपास बरोबर येतात. माप आतून घ्यावे. या रीतीने आपले पिंप काठोकाठ २१५ लिटरच्या आसपास भरते. सेंटिमीटरने काटेकोर काढले तर २१७. मग दोनशेच का भरतात? कारण डिझेल उन्हाने फुगते. दोनशे लिटर डिझेल वीस अंशांनी तापले, तर तीन लिटरांहून जास्त वाढते. त्याला जागा हवी.

हे झाले पूर्ण मापाचे. उभ्या पिंपात दर सेंटिमीटरला अडीच लिटर धरा, सरळ हिशेब. आडव्या पिंपासाठी हा तक्ता कापून पडवीत चिकटवा. पिंप ५७ बाय ८५ चे असेल तरच तो लागू.

काठी ५ सेंटिमीटर भिजली तर ९ लिटर
१० सेंटिमीटर – २६ लिटर
१४ सेंटिमीटर – ४१ लिटर
२० सेंटिमीटर – ६८ लिटर
साडेअठ्ठावीस (निम्मे) – १०८ लिटर
३७ सेंटिमीटर – १४९ लिटर
४७ सेंटिमीटर – १९१ लिटर

म्हणजे शनिवारी पिंपात ४१ लिटर होते. त्यांची तोटी बुडापासून पाच सेंटिमीटर वर बसवलेली. ते योग्यच, कारण पाणी आणि गाळ खाली बसतो. पण तोटीखालचे ९ लिटर बाहेर येत नाहीत. राहिले ३२. धरले होते पन्नास, हाती बत्तीस. तूट अठरा लिटरची. टिलर तासाला दीड लिटर पितो असे धरले, तर बारा तासांचे काम कागदावरच होते! चोर कोणी नव्हता. पोराला बोलावून बापाने पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मला बरे वाटले.

याहून सोपा उपाय म्हणजे आपली काठी आपणच तयार करणे. उन्हाळ्यात पिंप रिकामे असताना घोडीवर पातळीत ठेवा. खात्रीच्या मापाने दहा-दहा लिटर डिझेल ओता आणि दर वेळी कोरडी काठी सरळ बुडाला टेकवून खाच पाडा. पिंप पोचलेले असो की वेगळ्या मापाचे, काठी खोटे बोलणार नाही. पेट्रोल पंपावरही जमिनीतल्या आडव्या टाक्या अशाच दांडीने आणि तक्त्याने मोजतात. तोटीच्या उंचीला तांबडी खूण करा. त्या खालचे डिझेल आपले नाही, असे समजा. तसेच टिलर किती पितो तेही एकदा मोजा: टाकी गच्च भरा, चार तास काम करा, पुन्हा मापाने भरा.

काही पथ्ये सांगतो. काठी घालताना बिडी, कंदील, काडी जवळ नको. आत किती आहे ते काडी पेटवून बघणे म्हणजे जिवाशी खेळ. पिंप चुलीपासून दूर, पण छपराखाली ठेवा. आपल्याकडच्या पावसात बुचावर पाणी साचले, तर रात्री गारव्याने पिंप ते आत ओढून घेते. कायद्याचेही लक्षात ठेवा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे डिझेल एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते, मात्र कोणतेही भांडे एक हजार लिटरहून मोठे नको. पेट्रोलची मर्यादा फक्त ३० लिटर, आणि तेही विकण्यासाठी नव्हे.

त्या दिवशी शेजारच्या टिलरवाल्याने वीस लिटर उसने दिले आणि संध्याकाळपर्यंत चिखलणी उरकली. निघताना मालक काठीवर खाचा पाडत बसले होते आणि मावशी सांगत होत्या, "बुडाशी खाचा लांब लांब पाड रं, पोटाशी जवळ जवळ."

मृग लागण्याआधी तुमचीही काठी तयार असू द्या.