आधी औषध, मग विष




गेल्या आठवड्याच्या आरोग्य पुरवणीत ‘यकृत स्वच्छ करणाऱ्या वनस्पतीं’वर पानभर लेख आला. तो वाचून ज्यांनी दुकानातून कॅप्सूलच्या बाटल्या आणल्या असतील, त्यांना सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळलेलीच नाही. ‘प्रयोगांत सिद्ध झाले आहे’ हे वाक्य त्या लेखात पुन्हा पुन्हा येते. प्रयोग कोणावर झाला, कसा झाला, यावर मात्र एक ओळही नाही.

प्रयोग उंदरांवर झाले. त्यांची पद्धत कित्येक दशकांपासून ठरलेली आहे. पांढऱ्या उंदरांना आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस वनस्पतीचा अर्क पाजतात. मग त्यांना कार्बन टेट्राक्लोराइड देतात. यकृतातले एक एन्झाइम त्या रसायनाचे रूपांतर फ्री रॅडिकलमध्ये करते आणि हे रॅडिकल पेशींच्या आवरणातली मेदद्रव्ये खराब करत जाते. नंतर यकृताची इजा दाखवणारी रक्तातली एसजीपीटी आणि एसजीओटी ही एन्झाइम मोजतात. नुसते विष मिळालेल्या उंदरांत हे आकडे प्रचंड वाढलेले असतात, अर्क मिळालेल्यांत कमी. एवढ्यावर त्या वनस्पतीला ‘यकृतरक्षक’ म्हटले जाते.

आधी औषध, मग विष. वाचकांनी हा क्रम लक्षात ठेवावा, कारण सारी गफलत इथेच आहे. माणसाच्या आयुष्यात गोष्टी या क्रमाने घडत नाहीत. पॅरासिटामॉलच्या गोळ्या चुकून जास्त पोटात गेलेला माणूस त्याआधी आठवडाभर भुईआवळीचा रस पीत बसलेला नसतो. आधी दिलेल्या अर्काने यकृतातले ते एन्झाइमच मंदावले, तर विष कमी तयार होते आणि उंदीर वाचतो. मग त्यात फ्री रॅडिकल शमवणारा अँटिऑक्सिडंटचा गुण किती, हेही सांगता येत नाही. शिवाय कार्बन टेट्राक्लोराइड आज आपल्या घरात येते कुठून? एके काळी ते कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला आणि आग विझवायच्या नळकांड्यांत वापरत. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली त्याचे बहुतेक वापर बंद झाले. ज्या विषाशी वाचकाची गाठ पडण्याचा संभव नाही, त्या विषापासून उंदराला वाचवल्याचा पुरावा त्याला विकला जातो आहे.

माणसांवर चाचण्या झाल्याच नाहीत असेही नाही. त्या झाल्या, आणि त्यांचे निकाल लेखात असायला हवे होते. या क्षेत्रातली सर्वांत नावाजलेली वनस्पती म्हणजे भूमध्य सागराकडची मिल्क थिसल. तिच्या बियांतल्या सिलिमारिनची अमेरिकेत हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४२० किंवा ७०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, २४ आठवडे. एसजीपीटीवरचा परिणाम बनावट गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपेक्षा वेगळा नव्हता. आपल्या भुईआवळीची कथाही अशीच. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासच्या संशोधकांचा अभ्यास आला. भुईआवळी घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून हिपॅटायटिस बीची खूण नाहीशी झाली होती, तर बनावट औषध घेतलेल्या २३ जणांपैकी फक्त एकाच्या. किती आशा वाटली असेल तेव्हा! पण इतरत्र झालेल्या चाचण्यांत तसे यश दिसले नाही.

याचा अर्थ वनस्पतींत काही नाही असा नव्हे. युरोपात डेथ कॅप नावाचे जहाल विषारी अळंबे खाल्लेल्या रुग्णांना त्याच मिल्क थिसलपासून मिळणारे सिलिबिनिन शिरेतून देतात. तिथे त्याचे मुख्य काम अँटिऑक्सिडंटचे नाही. अळंब्याचे विष यकृताच्या पेशीत शिरते ती वाटच ते अडवते. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर एन-ॲसिटिलसिस्टीन आहे. आठ तासांच्या आत दिले तर यकृत जवळजवळ हमखास वाचते. पण ते वनस्पतीतून आलेले नाही आणि जाहिरातीत कधी दिसत नाही. ही दोन्ही औषधे विष पोटात गेल्यानंतर, रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात.

‘वनस्पतीच आहे, अपाय तर होणार नाही’ हे लेखातले गृहीत तर सर्वांत धोक्याचे. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळे प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असे म्हटले. त्यानंतर देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात असे ४३ रुग्ण नोंदले गेले. अमेरिकेत २००४ ते २०२२ दरम्यान हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची दहा प्रकरणे एका राष्ट्रीय नोंदणीत आली, त्यांतला एक रुग्ण दगावला. भाजीतल्या चमचाभर हळदीबद्दल हे नाही. हळदीतले कर्क्युमिन एरवी रक्तात फारसे उतरत नाही. मिरीतले पिपेरिन जोडले की त्याचे शोषण कैक पटींनी वाढते, आणि कंपन्या तेच मुद्दाम जोडतात. त्या प्रकरणांतल्या ज्या सात उत्पादनांची तपासणी झाली, त्यांतल्या तीन उत्पादनांत पिपेरिन होते. ग्रीन टीचे तेच. कपातला चहा वेगळा आणि अर्काची गोळी वेगळी. गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी हे ग्रीन टीतले द्रव्य पोटात गेले, तर यकृताचे आकडे वाढू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितले आहे.

आता खरे नुकसान कुठे होते ते पाहा. आपल्याकडे यकृताला रसायनाची इजा नित्य होते ती दारूने आणि औषधांनी. क्षयरोगाच्या उपचारातली आयसोनायझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. अशा रुग्णाची भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासायला हवे, गरज पडल्यास औषधे थांबवायला हवीत. त्याऐवजी घरचे लोक ‘लिव्हर टॉनिक’ची बाटली आणतात आणि दोन आठवडे वाट पाहतात. हे दोन आठवडे जिवावर बेततात. काविळीच्या माळेवर आणि गावठी पाल्यावर टीका करणारी हीच सुशिक्षित मंडळी कॅप्सूलच्या बाटलीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवतात.

बाटलीवरून आठवले. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांवर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापण्याचे बंधन अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घातले आहे. म्हणजे हे औषध नाही, असे कंपनी स्वतःच लिहून देते. पण लेबल इंग्रजी किंवा हिंदीत असले की कायद्याचे समाधान होते. जाहिरात मराठीत, ठळक अक्षरांत, यकृताच्या रंगीत चित्रासह. आणि इशारा इंग्रजीत, भिंगाखाली वाचावा लागेल इतका बारीक. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर हा इशारा मराठीत आणि उत्पादनाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत असला पाहिजे. यासाठी राज्य सरकारने केंद्राकडे आग्रह धरावा.

आणि संपादकांना विनंती एवढीच की, यापुढे आरोग्य पुरवणीत ‘प्रयोगांत सिद्ध’ असे छापायची वेळ आली आणि तो प्रयोग माणसांवर झालेला नसला, तर त्याच ओळीत, त्याच टायपात, ‘उंदरांवर’ हा शब्दही छापावा.

– एक वाचक, सातारा