आठ नंबरची सुई

या आठवड्यात माझ्या हातून नातवाचा स्वेटर थेट बाहुलीच्या मापाचा झाला. सुनेने अमेरिकेहून पाठवलेल्या नमुन्यात आठ नंबरच्या सुया लिहिल्या होत्या. मी डब्यातल्या माझ्या आठ नंबरच्या काढल्या आणि बसले विणत. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश मोजणीत आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, तिकडे ५, हे मागाहून कळलं. वर आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, तिकडे जाड! त्यात माझा हात घट्ट. सासूबाई म्हणायच्या, “टाके घालतेस की गाठी मारतेस?” दहा सेंटिमीटरमध्ये १८ टाके हवे होते, माझे बसले २२, म्हणजे ५४ टाक्यांची ३० सेंटिमीटरची पाठ साडेचोवीसवर आली. तेव्हा माझं ठाम मत ऐका: नमुन्यातला सुईचा नंबर हा सल्ला आहे, आज्ञा नव्हे. आधी त्याच लोकरीचा वीतभर चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि पट्टी लावून टाके मोजा. जास्त भरले तर जाड सुई घ्या, कमी भरले तर बारीक. हात सैल करायच्या भानगडीत पडू नका; हात स्वभावासारखा असतो, चार ओळींनंतर मूळ पदावर येतोच. एक संध्याकाळ जाईल, पण पंधरवडा वाचेल. माझा गेला, मी सध्या उसवते आहे.