शू झाली, शू आली

"काकू, घरी एकदाही करत नाही हो. तुमच्याकडेच कसं होतं?" डोंबिवलीत बावीस वर्षं पाळणाघर चालवताना हे इतक्यांदा ऐकलंय की आईनं 'काकू' म्हणताच पुढचं मला पाठ असतं. माझं उत्तरही ठरलेलं असायचं : "बाकीची सात मुलं सांगतात की!" दोन्ही वाक्यांत पोर कुठेच नाही. तुमच्यामुळे बिघडलं, आमच्यामुळे नाही, एवढंच त्यांत आहे.

आधी 'घरी करत नाही'चा समाचार घेऊ. एक मुलगा होता, दोन वर्षं दहा महिन्यांचा. महिनाभर घरी कोरडा आणि माझ्याकडे दिवसाला तीन चड्ड्या ओल्या. आईला वाटायचं, मी लक्ष देत नाही. मला वाटायचं, बाई थापा मारते. मग आजी रत्नागिरीला गेल्या आणि तिसऱ्या दिवशी घरचा सोफा भिजला. आजी दर तासाला नातवाला उचलून मोरीत न्यायच्या, तोंडानं 'शूऽऽ' करायच्या आणि तो मोकळा व्हायचा. सवय लागली होती ती आजींना. आपल्याला शू आलीय हे ओळखून सांगायची पाळी त्याच्यावर घरात कधी आलीच नव्हती. म्हणजे आई थापा मारत नव्हती आणि मीही हयगय करत नव्हते. पण महिनाभर आम्ही दारात एकमेकींशी तिरकं बोलत होतो.

'आमच्या वेळी वर्षाच्या आत शिकायची मुलं' हा टोमणाही याच झाडाचा. पाय लांब करून, बाळाला दोन्ही पावलांवर बसवून शी करवायची आपली रीत चांगलीच आहे, तिची टिंगल मी करणार नाही. पण त्यात ओळखायचं काम बाई करते. बाळ कुंथलं, तोंड लाल झालं, की उचल. ती दिवसभर बाळाजवळ असायची म्हणून हे जमायचं. आता ती सहा-चाळीसच्या लोकलला लटकलेली असते. अमेरिकेतल्या बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दिवसा कोरडं राहायला लागली तेव्हा ती मुलं सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची होती. (हेच ब्रेझल्टन पुढे डायपरच्या जाहिरातीत दिसले, हेही मीच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी ऐकवेलच.) नंतर १९७४मध्ये ॲझरिन आणि फॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी हे सगळं एका दिवसाच्या आत शिकवायचं पुस्तक काढलं आणि ते धडाधड खपलं. घाईचा धंदा तिकडेही चालतो. आपल्याकडे ती घाई एप्रिल-मे महिन्यात येते, कारण जूनमध्ये नर्सरी आणि बऱ्याच नर्सऱ्यांची अट अशी की शी-शू सांगता आली पाहिजे. एप्रिलात घाईनं लावलेली सवय पावसाळ्यात सुटली की खापर पाळणाघरावर.

सगळ्यात वाईट आरोप मात्र पोरावरच होतो : 'मुद्दाम करतो.' हा मीही केलेला आहे, म्हणून त्याबद्दल जरा जास्त बोलते.

एक मुलगी होती, तीन वर्षांची. शी-शू उत्तम सांगायची. मग एकाएकी दिवसातून चार-पाच वेळा चड्डीला डाग, शूसुद्धा थेंब थेंब. आईला वाटलं पोट बिघडलंय. तिनं दूध बंद करून केळं आणि साबुदाण्याची पेज चालू केली. मला वाटलं हट्ट. कारण पोरगी पडद्यामागे जायची, पायांची कात्री करून चवड्यांवर उभी राहायची, लालबुंद व्हायची. म्हटलं, बघा, तिथे उभं राहून जोर करते, पण भांड्यावर बसणार नाही! डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि आम्हा दोघींना गप्प केलं. ती जोर करत नव्हती, शी दाबून धरत होती. कधीतरी एकदा खडा झाला, दुखलं आणि तिनं ठरवलं की आता करायचीच नाही. आत घट्ट गोळा साठला. त्याच्या कडेनं पातळ शी झिरपायची, ती तिला कळायचीही नाही. गोळा मूत्राशयावर दाबायचा, म्हणून शूही आवरायची नाही. आई जुलाब समजून खायला घालत होती, मी हट्ट समजून डोळे वटारत होते आणि मुलीला होतं बद्धकोष्ठ. औषध बरेच महिने चालू ठेवावं लागलं. म्हणून आता सरळ चाललेलं एकदम बिघडलं की मी आधी शी कशी होते ते विचारते. शू करताना रडतं का, ताप आहे का, एकाएकी खूप पाणी पितं आणि खूप शू करतं का? असं काही असेल तर माझं पाळणाघर किंवा त्यांचं घर यांचा काय संबंध? डॉक्टर गाठा.

आता माझ्या जातभाईंबद्दल, म्हणजे पाळणाघरवाल्या बायकांबद्दल. एक बाई, आठ मुलं, एक संडास. एकाला धुवायला न्यायचं तर सात जण वाऱ्यावर. पावसात चड्ड्या वाळत नाहीत. सगळं खरं. म्हणून धुण्याचे वेगळे पैसे घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे आणि त्यावरून नाक मुरडणाऱ्या आयांना मी दबत नाही. 'घरच्यासारखं करा' म्हणणाऱ्यांना बहुधा फुकटात करून हवं असतं. पण संध्याकाळी दारात, चार आयांसमोर, "आज तीनदा हं!" असं ओरडून सांगायचा हक्क त्या पैशात येत नाही. पोर तिथेच आईच्या ओढणीत तोंड खुपसून उभं असतं. पिशवी गाठ मारून द्यावी, वेळा चिठ्ठीवर लिहाव्यात : साडेअकरा, दोन, साडेचार. रोज साडेचारलाच होत असेल तर झोपेतून उठल्यावर आपण त्याला न्यायला विसरतो, एवढाच त्याचा अर्थ.

मी म्हणते ते एवढंच. आपल्या भाषेत मूल शू 'शिकत' नाही, शू 'सांगतं'. आणि सांगण्याला पायऱ्या आहेत. आधी "शू झाली", मग "शू होतेय", शेवटी "शू आली". घरात भावंड आलं, घर बदललं, आजारपण झालं की 'आली'वरचं पोर पुन्हा 'झाली'वर येतं. पण ते अजून सांगतंय! त्या 'झाली'ला जो ओरडतो, तो सांगणंच बंद पाडतो. मग घर आणि पाळणाघर मिळून एक शब्द ठेवावा. एकीकडे सूसू, दुसरीकडे वॉशरूम असं नको. कमोडवर बसवत असाल तर पायाखाली पाट द्या, अधांतरी पायांनी शी होत नाही. जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, झाली तर झाली. अगदीच जमत नसेल तर दोन-तीन आठवडे पुन्हा डायपर, पण मग दोन्हीकडे. त्यात हार कसली?

त्या सोफ्यावाल्या मुलाचं आम्ही असंच जमवलं. पंधरा दिवसांत तो माझ्याकडे पळत येऊन, मधेच चड्डी धरून, "काकू, आली!" म्हणायला लागला. मग आजी रत्नागिरीहून परत यायची वेळ झाली. दर तासाला उचलायचं नाही, हे त्यांना सांगणं भाग होतं. सून म्हणाली, "काकू, ते तुम्हीच सांगा, प्लीज." फोन मीच केला. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. मग फरशी कोण पुसणार, तेही ठरवून ठेवा."