जुन्या इंजिनाची नवी ठिणगी

जुन्या मोटारगाडीच्या बाबतींत घरोघर दोन पक्ष आढळतात. एकाचें म्हणणें असें कीं, वडिलांनीं ठेविली तशीच ती राहूं द्यावी. तीस नवी वस्तु शिवूं देऊं नये. दुसरा पक्ष बाजारांतून इलेक्ट्रॉनिक इग्निशनची तयार बंद डबी आणतो, फिटरकडून बसवून घेतो आणि पूर्वीचे पॉइंट भंगारांत टाकून मोकळा होतो. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष विद्यार्थ्यांच्या तोंडचा घास काढून घेतात. ज्या घरीं प्रीमिअर पद्मिनीसारखी गाडी जपून ठेविली असेल, तेथील मुलानें किंवा मुलीनें हा फेरबदल आपल्या हातांनीं करावा, आणि तो जुने पॉइंट जागच्या जागीं ठेवून करावा.

पद्मिनीचें नांव मुद्दाम घेतलें. ती मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत होत असे. टॅक्सी म्हणून ती 2023 सालीं मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तरी हौशी मालकांच्या अंगणांत अजून दिसते. तिच्या इंजिनांत ठिणगी पाडण्याची जी रीत आहे ती चार्लस केटरिंग या अमेरिकन संशोधकाची; 1910 सालच्या कॅडिलॅक गाड्यांत ती आली. (केटरिंग तरुणपणीं शाळामास्तर होते, हें आम्ही मास्तरांनीं अभिमानानें सांगावयास हरकत नाहीं.) बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून वाहतो, डिस्ट्रिब्यूटरमधील कॅम फिरतांना पॉइंट उघडतात, प्रवाह एकाएकीं तुटतो, आणि बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत 15 ते 20 हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्यें ठिणगी उडते. फॅरेडेनें 1831 सालीं शोधिलेलें विद्युत्-प्रवर्तन तें हेंच.

आतां त्या पॉइंटांची दशा पाहा. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास 3000 फेरे घेत असतां ते सेकंदास 100 वेळां, म्हणजे ताशीं 3,60,000 वेळां उघडतात. आणि प्रत्येक खेपेस त्यांना तीन-चार अँपिअरचा प्रवाह तोडावा लागतो. कंडेन्सर मदतीस असतो खरा, तरी कांहीं हजार किलोमीटरांत त्यांचीं तोंडें जळतात, एकावर खड्डा व दुसऱ्यावर उंचवटा येतो, आणि सकाळच्या वेळीं गाडी चालू होतांना रडूं लागते. मग काचकागद, फीलर गेज, आणि सुमारें 0.4 मिलिमीटरची फट पुन्हा जुळविणें आलेंच.

उपाय घरीं करतां येण्याजोगा आहे. प्रवाह तोडण्याचें काम ट्रान्झिस्टराकडे सोंपवावें आणि पॉइंटांकडे केवळ इशारा देण्याचें काम ठेवावें. इशाऱ्यास पाव अँपिअर पुरतो. त्याहून फारच कमी ठेवूं नये. अगदीं क्षीण प्रवाहानें पॉइंटांवरील मळ जळून जात नाहीं. ट्रान्झिस्टर इग्निशनकरितांच बनविलेला, सुमारें 400 व्होल्ट सोसणारा घ्यावा, कारण प्रवाह तुटतांना कॉइल त्यालाहि कांहींशें व्होल्टचा उलट तडाखा देते. रेडिओच्या डब्यांतला साधा ट्रान्झिस्टर येथें टिकावयाचा नाहीं. मध्यें अभ्रकाची चकती घालून तो ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर बसवावा, व डबी वारा लागेल अशा जागीं ठेवावी. बॅटरीचें कोणतें टोक सांगाड्यास जोडलें आहे हें आधीं पाहावें. कांहीं जुन्या विलायती गाड्यांत तें धन टोक असतें, व तेथें जोडणी निराळी करावी लागते.

यानें पेट्रोल निम्में लागेल असें जे सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवूं नये. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा झिजून हलत असेल, कार्बुरेटर घाणीनें भरला असेल, तर ट्रान्झिस्टर बिचारा काय करणार? शिवाय पॉइंटांची टाच कॅमवर घासतच राहते, म्हणून फट अधूनमधून तपासावीच लागते. पॉइंट काढून चुंबक व हॉल सेन्सर बसविण्याची रीत अधिक सुबक आहे हें खरें. परंतु रात्रीं कसारा घाटांत तो सेन्सर मेला तर हात जोडून बसावें लागतें. पॉइंट असले म्हणजे डबीच्या तारा सोडाव्या, पॉइंटांची व कंडेन्सरची तार पूर्ववत् कॉइलला जोडावी, कीं गाडी घरीं येते.

कित्येक पालक म्हणतात, “मास्तर, मुलाला इंजिनिअर करावयाचें आहे, मिस्त्री नव्हे.” इंजिनिअर होऊं पाहणाऱ्यानें सोळा वर्षांच्या वयापर्यंत एकहि पॉइंट उघडून पाहिलेला नसावा, यांत भूषण कसलें? प्रवर्तनाचा नियम परीक्षेंत दहा ओळींत लिहिणारीं मुलें पुष्कळ आहेत. त्यांतील कितींनीं ती ठिणगी डोळ्यांनीं पाहिली आहे? मिशनच्या शाळांनीं एके काळीं वर्गाच्या शेजारींच सुतारकाम व छपाई शिकविली, आणि तीं शिकलेल्यांचें अक्षरज्ञान कांहीं उणें झालें नाहीं.

भय मात्र खोटें नव्हे. कॉइलचा धक्का जबर असतो आणि पेट्रोलच्या वाफेस एक ठिणगी पुरते. तेव्हां जोडणी करतांना बॅटरीचें टोक काढून ठेवावें. इंजिन चालू असतां ओढणी, बांगड्या, सैल बाह्या पंख्यापासून दूर असाव्या. आणि घरांतील एक वडील माणूस जवळ उभें असावें. त्यानें उभें राहावें, पाना मात्र हातांत घेऊं नये.

काम पुरें झाल्यावर पालकांनीं एकच परीक्षा घ्यावी. डबीच्या तारा स्वतः सोडून टाकाव्या व मुलास म्हणावें, “ट्रान्झिस्टर जळाला असें समज, आतां गाडी चालू कर पाहूं.”